दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस

४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. इकडे सगळं बरं आहे, तिकडेही बरं असावं, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तिकडे बरं नाही हे तुझ्याच पत्रात आहे. भावोजींना नमस्कार. आणि हो, या पत्रातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नकोस. मागच्या वेळी पाठवलंस तेव्हा ड्रायव्हर तासभर हसत होता. त्याला वाटलं, मला घरच्यांनी नापास केलंय.

ड्रायव्हर म्हणजे माझ्या खोलीतला. ट्रक चालवतो. आठवड्यातले चार दिवस नसतो आणि तीन दिवस घोरतो. खोलीला एकच खिडकी, ती शेजारच्या इमारतीच्या पाइपाकडे उघडते. त्या पाइपावर एक कबूतर येऊन बसतं, त्याला एकच पाय आहे. मी बघत बसतो की याला पडायची भीती वाटत नसेल का. असो. मुद्द्यावर येतो.

शाळेच्या अंकासाठी तू एक पान मागितलंयस. माजी विद्यार्थ्यांनी सांगायचं, सुख म्हणजे काय आणि पुढे काय करायचं ठरवलंय. माझं नाव मुख्याध्यापिकांनी सुचवलं हे वाचून मला ठसका लागला. याच बाईंनी मला अर्धी शाळा वर्गाबाहेर उभं करून शिकवली. तरी तुझ्यासाठी तीनदा बसलो लिहायला. पहिल्यांदा लिहिलं, आईवडिलांचं स्वप्न पूर्ण करण्यातच सुख आहे. वाक्य इतकं स्वच्छ होतं की माझाच त्याच्यावर विश्वास बसेना. दुसऱ्यांदा 'पुढे काय करायचं' इथून सुरुवात केली, तर पुढचं सगळं आधीच ठरून बसलेलं. बाबांनी पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय. जन्मभर लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ही पहिली घरची, म्हणून रंगाचा एक हात जास्त दिला. वर माझं नाव, खाली 'दंतवैद्य', आणि नावापुढे पदवीसाठी चार बोटं मोकळी जागा. मी घरी आलो की ती पाटी कपाटामागून माझ्याकडे बघत असते. सुख कुठे असतं ते मला माहीत नाही, पण मी कुठे मावायचं ते मापून ठेवलेलं आहे.

तिसऱ्यांदा नुसताच बसलो.

आता आईचं. तू लिहितेस, गाल सुजलाय, पाव दुधात बुडवून खाते, आणि कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते की माझा मुलगा येईपर्यंत कुणापुढे तोंड उघडणार नाही. आईचा हट्ट तुला माहीत आहे, मी काय सांगू. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चारदा गुळण्या करायला लाव. सूज उतरेल. परीक्षा तोंडावर आल्यात, नाहीतर आलो असतो.

आईला सांग, मी जेवतो आणि हात स्वच्छ धुतो. ती दर वेळी तेच विचारते. नखांत प्लास्टर बसलं की निघत नाही, तेवढं सोडलं तर हात स्वच्छ आहेत.

तुझा,
भिंगरी


१२ मार्च, बुधवार

ताई,

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो उद्या सकाळी तुझ्या शाळेच्या फाटकाशी ट्रक उभा करेल. वर्ग चालू असला तरी बाहेर ये, आणि पुढचं वाचायच्या आधी एक कर. आईला लगेच कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे ने. उचलून न्यावं लागलं तर भावोजींना घे. सूज जबड्याखाली उतरलीय आणि घोट गिळताना त्रास होतोय, असं तू लिहिलंयस. हे गुळण्यांचं दुखणं नाही. ते घशाकडे सरकलं तर श्वास अडतो. तू गाल म्हणालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं होतं.

ती ऐकणार नाही. म्हणून तिला हे सांग, याच शब्दांत: तो डॉक्टर नाही, तो डॉक्टर होणार नाही, त्याची वाट बघू नकोस. एवढं ऐकल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.

जा. बाकीचं आल्यावर वाच.

तुझ्या पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ होती. तू नक्की शिकतोयस ना? प्लास्टरवरून धरलंस ना मला? लहानपणीही तू अशीच, अख्ख्या निबंधातला एक शब्द धरून बसायचीस. नाही, ताई. दीड वर्ष झालं. मी शिकत नाही.

दोन वर्षं नीट गेली. दगडी दातांवर, मेणाच्या दातांवर माझा हात वर्गात सगळ्यांत चांगला होता. तिसऱ्या वर्षी जिवंत माणसाचं तोंड समोर आलं. एक म्हातारे गृहस्थ होते. दाढ काढायची होती. भुलीची सुई दिलेली, सर मागे उभे. मी पकड लावली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, मुलाचं धरतात तसं. मी सरांना म्हणालो, हात धुऊन येतो. हात धुतले आणि चालत सुटलो. पांढरा कोट अंगावर होता. बसथांब्यावर एका बाईनं मला विचारलं, डॉक्टर, ही गाडी बाजारात जाते का? मी हो म्हणालो आणि तिच्यासोबत चढलो. ती गाडी बाजारात जात नव्हती.

चार महिने असाच फिरलो. गोदामात पोती मोजली, एका लाँड्रीत चादरी घड्या केल्या, एका बोटीवर दोरखंड ओढले आणि तीन दिवस ओकलो. बोटीबद्दल कधीतरी सविस्तर लिहीन, तिथला स्वयंपाकी मजेशीर होता, तो कांदा चिरताना... जाऊ दे. मी पळतोय. लिहितानासुद्धा पळतोय.

आता ज्या कारखान्यात आहे तो कारखाना म्हणजे एक लांबट खोली. चार टेबलं, चार दिवे. डॉक्टर लोक रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन पाठवतात आणि आम्ही त्यावरून कवळ्या करतो. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांना स्वतःला एकही दात नाही आणि स्वतःची कवळी ते खिशात ठेवतात. म्हणतात, चावायला घरी लागते, इथे काय चावायचंय?

आणि हे मला सांगायची लाज वाटते. तिथे मी सुखात असतो. मेणावर दात बसवताना एखादा किंचित तिरपा ठेवला की अख्खी कवळी खऱ्यासारखी वाटायला लागते. तो तिरपेपणा सापडेपर्यंत दुपारची संध्याकाळ होते आणि मला पत्ता नसतो. तू विचारलेलं सुख हेच असेल तर ते फार लहान आहे. पाटीवर मावेल, पण पाटी भरणार नाही. ते घरी आणून कुणाला दाखवणार? बाबा गल्लीत सांगतात, मुलगा डॉक्टर होतोय. त्यांना मी काय सांगू, मुलगा बोळक्या तोंडाच्या लोकांचे दात करतो?

घरातून एकालाच शिकवायचं ठरलं तेव्हा मार्क तुझे जास्त होते. तुझ्या जीवशास्त्राच्या वहीतली दाताची आकृती बघून मी प्रवेश परीक्षा दिली. त्या खुर्चीशी तू उभी असायला हवी होतीस. तुझं मनगट कुणी धरलं असतं तर तू पळाली नसतीस. हे मी इतक्या वर्षांत कधी म्हणालो नाही, कारण म्हटलं की मग काहीतरी करावं लागलं असतं.

परवा घरी फोन केला होता. वाटलं होतं, बाबा उचलतील. आईनं उचलला. शब्द नीट फुटत नव्हता तिला, तरी म्हणाली, "कोण, डॉक्टर का?" मी ठेवून दिला. मग तुझ्या शाळेत लावला, तर शिपाई म्हणाला, बाई वर्गात आहेत, निरोप सांगा. हा निरोप शिपायाला कसा सांगायचा?

अजून एक राहिलंय. ते लिहायचं नाही म्हणून बोटीपासून कबुतरापर्यंत सगळं लिहून झालं.

मागच्या मार्चमध्ये मी घरी आलो होतो. शिक्षण सोडून तेव्हा सहा महिने झाले होते. आईनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, तोंड उघडलं आणि म्हणाली, बघ. शेजारच्या दोघी आल्या होत्या. बाबा दाराला टेकून उभे होते, असे, की जणू पडदा वर जाणार आहे. मी बॅटरी घेतली आणि बघितलं. खालची दाढ फुटलेली, हिरडी फुगलेली, शेजारचे दोन हलत होते. मला कळलं. तेवढं मला येतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण तिथला डॉक्टर चार प्रश्न मला विचारेल, कुठल्या वर्षाला, कोण शिकवतं, आणि बाबा शेजारी उभे असतील. म्हणून मी बॅटरी बंद केली आणि म्हणालो, "घाई नाही. माझं झालं की मीच काढतो. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

शेजारची म्हणाली, भाग्यवान आहात हो. आईनं तोंड मिटलं. तेव्हापासून मिटलंय.

तो तिचा हट्ट नाही, ताई. ते वाक्य माझं आहे. ती वर्षभर माझा शब्द पाळत बसलीय आणि मी तुला लिहिलं, मिठाच्या गुळण्या करा.

तिला काही झालं तर मी काय करीन ते मला माहीत नाही. मी यायला निघालो होतो. थांब्यावर दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो. मला बघून ती म्हणेल, आलास, आता काढ. आणि माझ्यासमोर तोंड उघडेल.

तुझा भाऊ,
तू अजून म्हणत असलीस तर


१७ मे, शनिवार

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण प्रत्येक पत्र उघडायला मला दोन दोन दिवस लागले. ड्रायव्हर म्हणतो, लिफाफा काय चावतो का.

आई वाचली हे पहिल्या पत्रात वाचलं तेव्हा मी पायरीवर बसलो होतो, तिथेच बसून राहिलो. बाहेरून छेद द्यावा लागला, दोन आठवडे दवाखान्यात ठेवलं, खालचे सगळे दात काढले, हे सगळं मी नंतर वाचलं. आणखी दोन दिवस गेले असते तर, असं डॉक्टर म्हणाले ते तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं. नाही, बरं केलंस.

तू सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली, हे मी तिन्ही पत्रांत शोधलं. तू लिहिलंस, भिंतीकडे बघितलं आणि चप्पल घालायला उठली. त्यानंतर माझं नाव घरात कुणी काढलेलं नाही. आणि बाबांनी ती पाटी उलटी करून मागच्या बाजूला 'चपला, छत्र्या दुरुस्त करून मिळतील' असं रंगवून गिऱ्हाइकाला देऊन टाकली. मला वाटलं होतं, ते रागावतील, पाटी फोडतील. पण पाटी चांगली होती, वाया कशाला घालवायची. त्या मोच्याच्या दुकानात माझं नाव आता भिंतीकडे तोंड करून टांगलेलं असेल.

आता हे का लिहितोय ते सांगतो. मंगळवारी उस्तादांनी माझ्या टेबलावर एक खोकं ठेवलं. आमच्याकडे मापं येतात त्यावर रुग्णाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. मी नेहमीसारखं प्लास्टर कालवलं, ओतलं, वाळल्यावर साचा सोडवला. खालचा जबडा मोकळा. वरचा हातात घेतला आणि पुढचे दोन दात दिसले, एकावर एक किंचित चढलेले. मी जिभेनं स्वतःचे चाचपले. तेच.

तिचं तोंड माझ्या तळहातावर होतं, ताई. वर्षभर मी ज्याला घाबरून पळत होतो ते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आमचा पत्ता तूच दिला असणार. खोक्यात त्यांची चिठ्ठी होती, दातांचा रंग, उंची, नेहमीचं. खाली सूचनांसाठी ओळ असते, ती कुणी भरत नाही. ती भरलेली होती. डॉक्टरांच्याच अक्षरात: "रुग्णाचा आग्रह आहे की ज्या मुलाकडे हे पाठवतोय त्यानंच करावं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नये."

उस्तादांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, "जमत नसेल तर मी बसवतो, कुणाला कळणार आहे?" मी नको म्हणालो. आज शनिवार. चार दिवसांत दोनदा दात बसवले आणि दोन्ही वेळा मेण वितळवून टाकलं. लोकांच्या कवळ्यांना मी तासाभरात तिरपेपणा देतो. इथे हातच उठत नाही. खालचे कसे होते, ते मी नीट बघितलंच नव्हतं कधी. आयुष्यात एकदा बघितले, बॅटरीनं, आणि तेव्हा मी दात बघत नव्हतो, दारातल्या बाबांकडे बघत होतो.

ही माफी आहे की तिनं मला माझाच शब्द चघळायला दिलाय, ते कळत नाही. तिला विचारू नकोस. मला कळलं तर मी पुन्हा कुठल्या तरी बसमध्ये चढेन.

एक फोटो पाठव. लग्नातला नको, त्यात तोंड मिटलेलं आहे. तू मॅट्रिक झालीस त्या दिवशीचा, त्यात ती हसतेय, खालचे दिसतात. तो मिळाला की मी तिसऱ्यांदा बसवीन. तोवर टेबलावरचा साचा मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय आणि कुणाला हात लावू देत नाहीये.

तुझ्या अंकासाठी पान राहिलंच. मुलांना सांग, तो माणूस उत्तर शोधत होता, वेळेत सापडलं नाही. छापायला दुसऱ्या कुणाला तरी घे.

शेवटचं. कवळी बसवून बघतात तेव्हा डॉक्टर रुग्णाला काहीतरी बोलायला सांगतात. आकडे म्हणा, नाव सांगा, काहीही. जीभ कुठे अडते ते त्यावरून कळतं. त्या दिवशी तू शेजारी उभी राहा. माझं नाव घ्यायला तिला लावू नकोस. ती आपणहून जे पहिलं बोलेल ते ऐक आणि जसंच्या तसं मला लिहून पाठव. अडखळली तर अडखळलेलं लिही. शिवी दिली तर शिवी. या एका वेळी काही दुरुस्त करू नकोस, ताई.

कवळ्या करणारा,
तुझा भिंगरी