सातव्या नमुन्याची चव

२ डिसेंबर, सकाळी
कोपऱ्यावरच्या छोट्या ब्रुअरीत बोर्ड लागलाय. थंडीतली काळी बिअर येतेय. सहा नमुने तयार आहेत, त्यातला एक निवडायला चाखणारी माणसं हवीत. ज्याचं वर्णन सगळ्यात झकास, ते बाटलीच्या लेबलवर छापणार. नावासकट.
नाव देऊन आलो. आता बघतोच सासऱ्यांकडे.

२ डिसेंबर, संध्याकाळी
सासऱ्यांचा काय संबंध, तेही लिहून टाकतो. सासरे चहाच्या कंपनीत जन्मभर चहा चाखायचे. त्याचा पगार मिळायचा! गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने कप भरून दिला. मी डोळे मिटून म्हटलं, असा चहा उभ्या आयुष्यात प्यायलो नाही.
ती कॉफी होती.
सगळ्यांदेखत म्हणाले, गाढवाला गुळाची चव काय! तेव्हापासून त्या घरात बाकीच्यांना चहा, आणि मला न विचारता पाणी. फार लागतं ते मनाला. त्या दिवशी मला सर्दी होती. किंवा होणार होती.

४ डिसेंबर
निश्चय: रोज सकाळी नाकाचा व्यायाम. डोळ्यांवर रुमाल बांधला, बायकोला वस्तू नाकाखाली धरायला सांगितल्या. मिरी ओळखली (शिंक आली). तिने चप्पल धरली, तिला मी 'जुनं ओक लाकूड' म्हणालो. बायको हसत सुटली. चपलेचा कारखाना लाकडाच्या वखारीशेजारी असू शकतो, हे तिच्या डोक्यात येत नाही.

५ डिसेंबर
व्यायामाला सुट्टी. नाकालाही विश्रांती लागते.

७ डिसेंबर
आजपासून तिखट, लसूण, कॉफी बंद. जीभ कोरी पाटी हवी.
दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर लसणीचे चिप्स उघडे होते. शत्रूचीही ओळख असावी म्हणून एक घेतला. मग पाकीट संपलं.

९ डिसेंबर
सासऱ्यांना फोन करून सांगितलं की माझे शब्द लेबलवर येतायत. म्हणजे येणारच आहेत. बायको मागून म्हणाली, अजून बाजारात तुरी. सासऱ्यांनी ब्रुअरीचा पत्ता विचारून घेतला. मग म्हणाले, बाटली निघेल त्या दिवशी आम्ही सगळे येतो, मेहुण्यालाही आणतो.
सगळे!

१३ डिसेंबर
चाखून आलो. फत्ते!
मागे स्टीलच्या टाक्या, ओली फरशी, लांब टेबल. प्रत्येकापुढे सहा छोटे ग्लास आणि कागद-पेन्सिल. मधोमध काचेचा मोठा जग. ब्रुअरीवाल्या बाई सुरुवातीला काहीतरी सूचना देत होत्या. मी ऐकल्या नाहीत, शेजारच्या दाढीवाल्याला ग्लास कसा धरायचा ते समजावत होतो. सूचना नवशिक्यांसाठी असतात.
पहिला नमुना कडू. दुसराही कडू. तिसरा, नीट विचार केल्यावर, कडू. पाचव्याला घाम फुटला. बाकीची मंडळी भराभर लिहीत होती. मी 'गंभीर' एवढंच लिहिलं आणि खाली रेघ मारली.
तेवढ्यात पाहिलं, लोक एकेक घोट घेऊन उरलेली बिअर मधल्या जगमध्ये टाकतायत. न झेपणाऱ्याने परत करावी, त्यात लाज कसली? पण जग काळाभोर, काठोकाठ, आणि त्यातून कुणीच घेईना. ग्लास भरून घेतला. टेबल एकदम चिडीचूप झालं. जाणकार माणूस ग्लास उचलतो तेव्हा होतं असं.
आणि काय सांगू! शब्द आपोआप सुचले: 'एका घोटात अनेक स्वभाव. कडू, गोड, करपट सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. ही एकट्यादुकट्याची बिअर नव्हे, अख्ख्या टेबलाची आहे.'
आणखी एक ग्लास घेतला. बाई धावत आल्या, बरं वाटतंय ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

१४ डिसेंबर
पोट बिघडलंय. ते चिप्स भोवले.

१६ डिसेंबर
बाईंचा फोन! माझं वर्णन सगळ्यांनी मोठ्याने वाचलं म्हणे, दोनदा. ते लावायचं नक्की केलंय, नावासकट, चालेल ना? मी म्हटलं, चालेल काय, धावेल! मागे कुणीतरी खो-खो हसत होतं. आनंदी माणसं आहेत.
सासऱ्यांना पुन्हा फोन केला. गरज नव्हती.

२० डिसेंबर
सासरे, सासूबाई, मेहुणा, बायको, सगळे वेळेआधी ब्रुअरीत हजर. मी बाटली सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. वर्णन माझं नव्हतं, शेजारच्या त्या दाढीवाल्याने लिहिलेलं होतं.
मी म्हटलं, छपाईत घोटाळा झालेला दिसतोय.
सासऱ्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, मान हलवली आणि उरलेली बिअर टाकायला टेबलावरचा जग जवळ ओढला. जगवर मोठ्या अक्षरांत माझं वर्णन. खाली माझं नाव. त्याच्याखाली: 'उष्टी बिअर इथे ओतावी.'
सासऱ्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग सगळ्यांना म्हणाले, आमच्या कंपनीतही असं भांडं असायचं, पण त्यातून पिणारा माणूस मी पाहिला नव्हता. मेहुण्याला खुर्ची द्यावी लागली. सासूबाई पदराआड. बायको माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे खांदे हलत होते.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? लाज वाटली. खूप वाटली.
निघताना सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, शब्द छान आहेत हो, फक्त चाखायच्या भानगडीत पडू नका.
घरी आल्यावर बायकोने न विचारता ग्लास पुढे केला.
पाणी होतं. एका घोटात ओळखलं.