तक्रार बंद करण्यापूर्वी

प्रिय अपेक्षा,

तीन वर्षांनी तुला लिहितोय, आणि ‘कशी आहेस’ एवढं लिहायलाच दोन कागद वाया गेले. तुझ्या लग्नापासून आपण बोललो नाही. मागच्या वर्षी तुझ्या आईच्या दहाव्याला तू आणि आकाश आलात, कडेला उभे राहिलात आणि घोटभर पाणीही न घेता गेलात. मला तुझ्याशी बोलायचं आहे. तेवढ्यासाठीच बसलोय, पण आधी थोडं इकडचं सांगतो, म्हणजे जरा धीर येईल.

मी पुन्हा नोकरीला लागलोय, हसू नकोस. चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूम सांभाळलेला माणूस आता सॉफ्टवेअर कंपनीत बसतो. कंपनी कसली, जालना रोडला एका दवाखान्याच्या वर तीन खोल्या आणि सहा पोरं. मालकीण सोनिया, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पंप, मिक्सर, गिझर दुरुस्त करणाऱ्यांसाठी त्यांनी एक एआय एजंट बनवलाय. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून तो आपणहून कामं उरकतो. तारीख देतो, मेकॅनिक पाठवतो, तक्रार बंद करतो. प्रत्येक कामाला एक टूल, म्हणजे संगणकातलं हत्यारच, आणि कोणतं टूल कधी उचलायचं हे तो त्याच्याखाली लिहिलेल्या चार ओळी वाचून ठरवतो. त्या चार ओळी लिहायचं काम माझं. पोरांनी एकाखाली लिहिलं होतं, ‘तक्रार हाताळते.’ मी म्हटलं, हाताळतं म्हणजे काय करतं, पाठीवरून हात फिरवतं? सगळे हसले, पण सांगता कुणालाच आलं नाही. टूलरूममध्ये मी पान्याला चिठ्ठी बांधायचो, ‘फक्त बारा नंबरच्या नटासाठी. हातोडा म्हणून वापरू नये.’ कारण नवा फिटर हमखास त्याचाच हातोडा करायचा. इथंही तेच. टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, वापरल्यावर मागं घेता येतं की नाही, सगळं सांगावं लागतं. एवढं तर कुणालाही कळतं, असं म्हणून चालत नाही. त्या एजंटला आपल्या मनातलं काहीच माहीत नसतं.

लिहिलेलं तपासायला मीच खोटं गिऱ्हाईक होऊन त्याच्याशी बोलतो. एकदा मिक्सर बिघडलाय म्हणून सुरुवात केली आणि मग सांगतच बसलो, की मिक्सर तसा चांगला आहे, वर्षभर कुणी लावलाच नाही, चटणी वाटणारी गेली, दुपारी खाणावळीचा डबा येतो आणि अर्धा तसाच राहतो. तो दर वेळी अदबीनं विचारायचा, आणखी काही मदत करू का. दुसऱ्या दिवशी सोनियाच्या लक्षात आलं की माझी चाचणी चाळीस मिनिटं चालली होती. तेव्हापासून ती स्वतःच्या डब्यातली भाजी मला वाढते. मला लाजही वाटते आणि बरंही वाटतं.

गेल्या महिन्यात मात्र मी घोळ घातला. ‘तक्रार बंद करा’ या टूलखाली मी लिहिलं, ‘ग्राहकाने तीन वेळा फोन न उचलल्यास त्याला गरज उरलेली नाही असे समजून वापरावे.’ दुरुस्तीच्या धंद्यात सगळे असंच करतात, मला त्यात वावगं दिसलं नाही. मुकुंदवाडीच्या चतुराबाईंची पाण्याची मोटार जळाली होती. तीन फोन गेले आणि एजंटनं माझं म्हणणं तंतोतंत पाळून त्यांची तक्रार बंद केली. नळाला तासभर पाणी येऊन गेलं, पण टाकीत चढलं नाही, आणि सत्तरीची बाई शेजारून कळशीनं पाणी आणत राहिली. पाचव्या दिवशी त्यांच्या भाचीनं ऑफिसात येऊन आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. मेकॅनिकबरोबर मीही माफी मागायला गेलो. अनोळखी नंबर उचलायचा नाही असं भाचीनं त्यांना बजावलं होतं, म्हणून त्या वाजणारा फोन हातात धरून नुसत्या बघत बसल्या होत्या. मी आमचा नियम समजावायला लागलो तर म्हणाल्या, “म्या कवा म्हणलं नको म्हणून? फोन उचलला नाय म्हंजी नको व्हय? इथल्या इथं घर हाय माझं, येऊन दार वाजवायचं व्हतं.” ऑफिसात परत येऊन मी त्या टूलखालची ओळ बदलली, ‘ग्राहकाने स्वतः नको म्हटल्याशिवाय वापरू नये’ असं लिहिलं, आणि मग मला खुर्चीतून उठवेना.

अपेक्षा, मी सगळ्यांना सांगत आलो की पोरीनंच संबंध तोडले. खरं मला माहीत आहे. लग्नानंतर अकरा दिवस तू रोज सकाळी नऊला फोन केलास. आईकडं वेगळा फोन नव्हता. तुझं नाव दिसायचं, मी ते बघत बसायचो, आणि आई उचलायला आली की हात आडवा धरायचो. आकाशची जात मला खुपली, दुसरं एकही कारण नव्हतं. बाराव्या दिवशी फोन आला नाही तेव्हा मी आईला म्हणालो, बघ, आटली तिची माया. पण आजचं पत्र त्याच्यापेक्षा वाईट गोष्टीसाठी आहे. आई आजारी पडली तेव्हा मी कुणालाही तुला कळवू दिलं नाही. सात किलोमीटरवर तुझं घर, आणि मी आईला सांगितलं की निरोप धाडलाय, पण अपेक्षा येत नाही म्हणते. तुला इतके दिवस वाटत असेल की आईनंच तुला बोलावलं नाही, ती रागावूनच गेली. तसं नाही गं. शेवटच्या तीन दिवसांत तुझ्या आईनं, माझ्या रत्नमालानं, दुसऱ्या कुणाचंच नाव घेतलं नाही, दाराचा आवाज झाला की ती विचारायची, अपेक्षा आली का. हे त्या खोलीत फक्त मी ऐकलं.

तुझाच,
तात्या