सामाईक यंत्राची पाळी

चिकलठाणा, दि. १० जानेवारी १९८९

ती. स्व. नानासाहेब यांच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, सखारामचा दंडवत.

इकडं आम्ही सगळी खुशाल. आपला गुडघा आता एस्टीची पायरी चढतो, हे कळल्यावर आपल्या बहिणीला, सारजाबाईला, लई बरं वाटलं. (मलाही. कारण खाली येईल.)

पत्राला उशीर झाला तो विद्यापीठामुळं. सातवी नापास, लेथवर बोल्ट कातणारा माणूस तिथं कशाला गेला म्हणाल. तर सोयगावचे सोनाजी सर नवे लागलेत, एका वर्षाच्या बोलीवर. त्यांनी दिल्लीपर्यंत अर्ज करकरून लेसरचं यंत्र आणलं. तांबडा उजेड दोऱ्यासारखा सरळ निघतो आणि त्यात रक्ताची पेशी धरून तिचं दुखणं ओळखायचं. (मला समजलं ते एवढंच, पण सरांनी तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही पहिल्याच गोडीनं.) यंत्र उतरलं, तसे तीन खात्यांचे तीन मोठे साहेब आपापल्या खोलीची किल्ली घेऊन हजर. मी सरांना म्हटलं, चार भावांच्या सामाईक विहिरीवर पाळी लावतात तशी लावा. त्यांनी त्याच दिवशी वही घातली आणि स्वतःला घेतली ती भर दुपारची, हमखास लाइट जाण्याच्या वेळची पाळी.

मला बोलावलं होतं ते यंत्राखालचं टेबल करायला. ते मी करून दिलं, पण बाहेर कुणी चाललं की उजेड थरथरायचा. आमचा फोरमन धोंडिबा, बापजाद्यांपासून मेंढरं राखणाऱ्यांतला. तो म्हणाला, "खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवून घाला, वर घोंगडी हातरा." थरथर थांबली. आठ दिवसांनी मात्र भिंगाखाली एक लांबलचक, खवल्याखवल्यांची वस्तू दिसू लागली. मोठे साहेब आपली पाळी नसताना जमले. एकानं तर तिचं बारसं करायला घेतलं. धोंडिबा ट्यूबांत हवा भरायला आला होता. त्यानं डोळा लावला. "साहेब, ही तर लोकर हाय. आमच्याच मेंढीची." सर पोट धरून हसले आणि वहीत लिहिलं: मेंढीचा केस, ओळखणारे धोंडिबा. दुसऱ्या कुणी ते पान फाडलं असतं. तेव्हापासून या माणसापुढं माझी टोपी आपोआप खाली येते.

लेकरांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला,
सखाराम

ता. क. सरांची बोली मार्चात संपते. चहाच्या टपरीवर माझ्या पाठीमागं त्या तीन साहेबांतले दोघं बोलत होते, की यांना पुढं ठेवायचं नाही आणि यंत्र एकाच खोलीत कुलपात घालायचं. (कान माझे, कप तिसरा.) नेमणुका ठरवणाऱ्या मंडळावर आपण आहात आणि बैठक येत्या गुरुवारी आहे. सर नामांतराच्या मोर्चात चालले होते आणि आपण दुसऱ्या बाजूला होतात, हे मला ठाऊक आहे. पण पाळीच्या वहीत दोन्ही बाजूंची माणसं एकाखाली एक सही करतात, आणि अजून कुणी कुणाची सही खोडलेली नाही.

ता. क. दुसरा. पुण्याहून सरांना कायम नोकरीचं पत्र आलं होतं, ते त्यांनी काल परत धाडलं. नानासाहेबांनी शब्द दिलाय, असं मीच त्यांना सांगितलं. दिलेला शब्द आपण फिरवत नाही, हे सगळ्या गंगापूर तालुक्याला माहीत आहे. तो द्यायचा तेवढा राहिलाय.