एकेचाळीस जणींचा एकच नंबर

प्रिय अण्णा,

गुडघा कसा आहे? ताई म्हणाली, पत्त्यांवरून तुम्ही तिच्या सासऱ्यांशी रोज भांडता, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. इकडे दुकान चालू आहे. तराजू दुरुस्त करून आणला, साबणाची खोकी लावून झाली आणि गावाचे पैसे भरायचं-काढायचं बँकेचं यंत्र ठेवलेलं माझं टेबलही दाराशी आहे तिथंच आहे. 'टेबल उचल, नाहीतर मी घरी येत नाही,' असा निरोप तुम्ही ताईकडून धाडलात. अण्णा, तुम्ही या. टेबलही राहील.

भांडलो त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला चोर ठरवतेस?" मी तुम्हाला चोर म्हटलं नाही, कधी म्हणणारही नाही. शाळेत खाती उघडायचं शिबिर भरलं, तेव्हा मी नववीत होते. बायकांकडे फोन नव्हते आणि कारकून नंबराशिवाय अर्ज घेईना. सगळे पुरुष छताकडे बघत असताना तुम्ही पुढे झालात, "लिहा माझा. फोन वाजला की हाक मारून सांगेन एकेकीला." एकेचाळीस अर्जांवर मीच माझ्या हातानं तुमचा नंबर लिहिला. तेव्हा छाती अशी फुगली होती की बास.

पण तेव्हापासून गावातल्या बाईच्या खात्यात काहीही हललं की वाजतो तुमचा खिसा. संध्याकाळी नवरे पायरीवर येऊन विचारतात, "अण्णा, आमच्या हिचं आलं का?" आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवता. पैशाला हात न लावता, अगदी निर्मळ मनानं. शिंपीणकाकूंनी दोन वर्षं पैसे साठवले, नव्या शिलाई मशीनसाठी. तुम्ही त्यांच्या नवऱ्याला कौतुकानं म्हणालात, "अरे, बायको नाही, चालती बँक आहे तुझी!" दुसऱ्या दिवशी सकाळीच तो त्यांना मोटारसायकलवर बसवून माझ्या टेबलाशी घेऊन आला. काकूंनी माझ्याकडे न बघता यंत्रावर अंगठा ठेवला. पैसे त्यानं खिशात घातले. काकूंनी फक्त पावती मागून घेतली. मी नियमाप्रमाणे वागले, अण्णा, आणि त्या दिवशी जेवले नाही. तुम्हाला वाटलं, डोकं दुखतंय.

म्हणून मी पाटी लावली, 'आपल्या खात्याला आपलाच नंबर'. तुम्ही ती उतरवलीत, मी पुन्हा लावली, आणि त्यावरून एवढं महाभारत. तुम्ही म्हणता, बायकांना फोनमधलं काय कळतं? दूधवाल्या आजींना अक्षर येत नाही. परवा मला म्हणाल्या, "शून्यं मोजता येतात की मला! एक जरी कमी झालं तरी तुझ्या दारात येऊन बसेन." आता सगळ्यांकडे फोन आहेत. कुणाचा सुनेनं टाकलेला, कुणाचा काच फुटलेला, पण स्वतःचा.

आता कामाचं लिहिते. नंबर बदलायचा तर बँक आधी जुन्या नंबरावर सहा आकडे पाठवते. ते कळल्याशिवाय पुढे काही होत नाही. जुना नंबर म्हणजे तुम्ही. बुधवारी सकाळी दहापासून बायका एकेक करून येतील आणि मी तुम्हाला एकेचाळीस वेळा फोन करीन. उचला, आकडे वाचा, ठेवून द्या. नाही उचललात, तर सगळ्यांना घेऊन मी शहरातल्या शाखेत जाईन, अर्ज भरीन, साहेबाच्या खोलीबाहेर ठाण मांडीन. महिने लागले तर लागोत. काम थांबणार नाही. फक्त ते तुमच्या हातून व्हावं असं मला वाटतं, कारण त्या दिवशी शाळेत पुढे झालेले तुम्ही एकटेच होतात.

पहिला फोन आईच्या खात्यासाठी असेल. तिचाही अर्ज त्याच गठ्ठ्यात होता, हे तुमच्याइतकीच मीही विसरले होते. काल तिनं पदरानं फोन पुसून माझ्या टेबलावर ठेवला आणि रांगेत बसल्यासारखी समोर बसली. म्हणाली, "आधी माझं कर." कशासाठी, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. फक्त सहा आकडे सांगा.

तुमचीच,
हट्टी धाकटी