पंप क्रमांक दोनची घंटा आणि सत्कारमूर्तींची दुपार

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य पंपगृह.

विषय: नव्या सेन्सर कक्षाला निवृत्त मुख्य अभियंत्यांचे नाव देण्यापूर्वी पंप क्रमांक दोनच्या अपघाताचा चौकशी अहवाल दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ: १) सदर अहवाल. २) कक्षाचे उद्घाटन व सत्कार यांची निमंत्रण पत्रिका.

महोदय,

मी पंप क्रमांक दोनच्या दिवंगत चालकाची पत्नी. माझे गुडघे गेले आहेत, स्मरणशक्ती नाही. आधीच सांगते, कारण पुढचे वाचून आपल्या कार्यालयात कोणीतरी म्हातारीला भ्रम झाला असे म्हणेलच.

आमची वसाहत पंपगृहाला लागून होती. पंपाच्या बेअरिंगवर थरथर मोजणारे यंत्र बसवलेले असे आणि थरथर हद्दीबाहेर गेली की बाहेरच्या भिंतीवरची घंटा वाजे. आम्हा बायकांना त्या घंटेची इतकी सवय होती की ती वाजली की पोळी तव्यावर टाकून आम्ही दारात येत असू. फिटर सायकलवरून धावे, बेअरिंगला ग्रीस देई, घंटा थांबे. ते दिवस चांगले होते. पुढे उन्हाळ्यात घंटा एकाएकी वाजेनाशी झाली. यजमान म्हणाले, शिफ्ट इंजिनिअर साहेबांनी तारा सोडवल्या आहेत; यजमानांनी त्यांच्याशी बोलून पाहिले, तर साहेब म्हणाले, "तू काही लिहून देऊ नकोस. अधूनमधून बेअरिंगला हात लावून बघत जा, भागतं तेवढ्यावर." हे शिफ्ट इंजिनिअर म्हणजेच आपले सत्कारमूर्ती.

यजमान दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह फिरवत असताना बेअरिंग गेले. आवाज ऐकून ते धावले, तेवढ्यात शाफ्ट तुटला आणि कपलिंगचा तुकडा त्यांच्या पायावर आला. पंपगृहात छातीभर पाणी भरले. त्याच संध्याकाळी मी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा घंटा वाजली. पंप पाण्याखाली आणि घंटा खणखणीत. तारा पुन्हा जोडून कोणीतरी चाचणी घेत होते. सगळ्या वसाहतीने ऐकले, बोलले कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी समितीने बटण दाबले, घंटा वाजली आणि समितीने लिहिले: "चालक झोपला होता." मी जाऊन सांगितले, तर लिहिले, "पत्नीचे म्हणणे, सबब ग्राह्य नाही." यजमानांची नोकरी गेली. त्यानंतर ते जगले तितकी वर्षे दुपारी कधी आडवे झाले नाहीत. अंगात ताप असला तरी खुर्चीत ताठ बसत. मी म्हणे, "अहो, घटकाभर पडा." ते म्हणत, "कोणी बघितलं तर?" शेवटी गेले तेही त्या खुर्चीतच.

आता नवीन पुरावा. गेल्या आठवड्यात सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवती निमंत्रण द्यायला स्वतः आल्या. जुन्या गोष्टी निघाल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "ती मेली घंटा दुपारचा डोळा लागू द्यायची नाही. मीच ह्यांच्या मागे लागून बंद करवली. तेव्हा कुठे झोप मिळाली, बाई." मी रागावले नाही. आणखी चहा टाकला, शेजारणीला हाक मारली आणि म्हटले, "वहिनी, ती घंटेची गंमत हिलाही सांगा ना." त्यांनी अगदी रंगवून सांगितली. महोदय, हेही पत्नीचेच म्हणणे आहे, पण त्यांच्या पत्नीचे. ते ग्राह्य धरावे.

माझ्या मागण्या अशा. अहवालातील ते वाक्य खोडून "चालक जागा होता, घंटा बंद होती" असे लिहावे. सत्कार मुळीच रद्द करू नये. तो थाटात करावा. मात्र दुरुस्त वाक्य हार घालण्यापूर्वी, सत्कारमूर्ती व्यासपीठावर असताना मोठ्याने वाचावे. आपल्या कार्यालयातील इंजिनिअर मुलीने मला नवी यंत्रणा कौतुकाने दाखवली. काडेपेटीएवढे सेन्सर, भिंतभर पडदा. इशारा कोणी बंद केला तर पडदा त्याचे नाव आणि कारण विचारतो, ते भरल्याशिवाय पुढे जात नाही. यंत्रणा सुरू होताच पहिली नोंद सत्कारमूर्तींच्या नावे करावी आणि कारण भरावे: "पत्नीची दुपारची झोप." तसेच प्रत्येक पंपाच्या थरथरीचा इशारा उभयतांच्या मोबाइलवर पाठवावा, मोठ्या आवाजात, दुपारी विशेष करून. त्यांच्या बंगल्याच्या शयनगृहाबाहेर एक घंटाही बसवावी. जागेची पाहणी मी केली आहे, भिंत मजबूत आहे.

शेवटच्या दोन मागण्या नियमात बसत नसतील, तर सोडायला मी तयार आहे. पहिलीवर तडजोड नाही. कार्यक्रमापर्यंत अहवाल दुरुस्त न झाल्यास हाच अर्ज मी सभागृहात उभी राहून वाचीन. मला दम लागतो. तरी पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीजवळ एक माइक ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
पंप क्रमांक दोनच्या चालकाची पत्नी
दि. ९ जून

सोबत:
१) शेजारणीचा सहीनिशी जबाब.
२) यजमानांच्या बडतर्फीच्या आदेशाची प्रत.
३) निमंत्रण पत्रिकेची प्रत. मूळ पत्रिका प्रवेशासाठी माझ्याजवळ ठेवली आहे.