मनकर्णेच्या वाट्याचं मीठ

मुक्काम सेलू, जिल्हा वर्धा
रविवार, ११ डिसेंबर १९८३

वयानं, नात्यानं आणि सोशिकपणानं माझ्याहून मोठे असलेले नानाजी यांना, आपल्या बहिणीचा नवरा रूपराव याचा सेलूहून वाकून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. किती खुशाल ते पुढे येईलच. आपला खोकला यंदाच्या थंडीत कसा आहे? डाव्या बैलाच्या खांद्याला सूज आली होती, ती उतरली का? (ही बातमी मला कुठून लागली ते विचारू नका. आर्वीच्या बाजारात माझ्या ओळखीची दोन-चार माणसं अजून आहेत.) सहा वर्षांत मी आपल्याला एक ओळ लिहिली नाही, आणि आता हे जाडजूड पाकीट बघून कोण गेलं म्हणून आपण घाबराल. कोणी गेलेलं नाही. आधी आंतरदेशीयच आणलं होतं, पण त्यात माझं एकट्याचं आजारपणसुद्धा मावेना, म्हणून शाळेच्या वहीचे कागद फाडले.

तर झालं असं. दसऱ्यानंतर पवनारच्या बाजूला एक शेत मोजायला गेलो होतो. दोन सख्खे भाऊ, मध्ये एक धुरा, म्हणजे हातभर रुंदीचा बांध, आणि त्या धुऱ्यावरून बापाच्या तेरवीपासून बोलणं बंद. (दोघंही बोलत नव्हते, म्हणून दोघांच्या वाटचं मी ओरडत होतो. आपल्याला माझा आवाज माहीत आहे.) ऊन चांगलंच होतं, सकाळपासून पोटात पाच कप चहा आणि मोटार-स्टँडवरचे तीन आलुबोंडे एवढाच ऐवज. समोर झेंडी धरून आमचा साखळीवाला श्रावण उभा होता. बघता बघता मला एकाच्या दोन झेंड्या दिसू लागल्या, आणि श्रावणही दोन दिसू लागले. आता झेंड्या दोन म्हटल्यावर धुरेही दोनच पडणार. मी मोठ्या आवाजात जाहीर केलं, की दोन्ही भावांचं म्हणणं बरोबर आहे. ते ऐकून ते दोघं आनंदाने एकमेकांकडे बघू लागले, पण श्रावणानं साखळी टाकली आणि धावत आला. एकोणीस वर्षं तो माझ्यासोबत आहे. दोन्ही पक्ष बरोबर असं माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. साहेबाची तब्येत बिघडली हे त्याला तेवढ्यावरून समजलं. त्यानंच मला एसटीत घालून वर्धेला डॉक्टर प्रभाकररावांकडे नेलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला आणि पारा बघत बसले. आयुष्यभर मी लोकांची शेतं मोजली, मला कोणी मोजायची ही पहिली वेळ. आकडा आला एकशे ऐंशीवर एकशे दहा. मी विचारलं, कोणत्या बाजूला जास्त भरतं? ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी अतिक्रमण आहे. हे ब्लडप्रेशर म्हणायचं, गोळी रोज घ्यायची, आणि उद्या बायकोला घेऊन या. मी घेऊन गेलो, हीच चूक झाली. माझ्या सवयी विचारल्या तेव्हा मी आपलं साधं जेवण, साधं राहणं असं सांगत होतो, तर ही शेजारच्या बाकावरून पदर सावरून साक्ष द्यायला लागली. भाकरीचा घास मोडायच्या आधी हे मीठ वाढून घेतात. भाजी चाखून बघत नाहीत, आधी वरून मीठ टाकतात. मिरचीचं लोणचं दोन्ही वेळा, पापड दोन, त्यावर तळलेली खारातली मिरची. संत्र्याच्या फोडीलासुद्धा मीठ लावतात. तंबाखू किती तेच जाणे. पूर्वी सायकलवर जात, आता पोराची लूना आल्यापासून पानठेल्यापर्यंत लूनावर जातात. रागाचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, ‘‘रेडिओवरच्या बातम्या सांगनाऱ्यालेबी भांडतेत.’’ डॉक्टर सगळं लिहून घेत होते. शेवटी लेखणी खाली ठेवून म्हणाले, ‘‘रूपराव, तुम्ही जेवत नाही. तुम्ही स्वतःला खारवत ठेवता.’’

त्या दिवसापासून आमच्या घरी माझ्यापुरता मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. नानाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आपल्याला किती आवडते ते मला माहीत आहे. ती अळणी खाऊन बघा. हिरवा रंग तोंडात गेल्यासारखं वाटतं. तीन दिवस मी सोसलं. चौथ्या दिवशी कामाचं निमित्त काढून श्रावणाच्या घरी जेवायला गेलो. त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, आंबाडीची भाजी अशी केली होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी घास तोंडात घातला, तर भाजी अळणी! तानाबाई चुलीकडे तोंड करून हसू दाबत होती. ‘‘वहिनीचा निरोप आला साहेब. तुमाले मीठ देलं तं तिचं मायाशी बोलनं बंद.’’ मग मी कागदाच्या पुडीत मीठ बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवू लागलो. हे आठवडाभर चाललं. कोट धुवायला काढताना पुडी सापडली. हे काय, असं हिनं विचारलं. मी म्हटलं, तुरटी, दाढीनंतर लावायला. ‘‘मंग लावा,’’ ती म्हणाली आणि समोर उभी राहिली. सकाळीच दाढी करताना कापलं होतं, नानाजी. मी लावलं. तुरटीसारखं चोळून लावलं. सून अन्नपूर्णा आत पळून गेली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

इथवर हसण्यासारखं आहे. आता पुढचं लिहितो.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. माझा पारा बराच उतरला होता, एकशे पन्नासच्या आसपास. डॉक्टर खूश, मी खूश. ही बाकावर बसली होती, कपाळाला पदर घट्ट आवळून. डॉक्टर सहज म्हणाले, बाई, तुमचाही बघू. ती नको नको म्हणत होती, मीच म्हटलं, बघू दे, तिला काय होतं, लोखंड आहे लोखंड. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा बघितला. पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला. मग तिला अर्धा तास पडून राहायला सांगितलं आणि पुन्हा बघितलं. दोनशे दहावर एकशे वीस. माझा वाईटात वाईट होता त्याच्याही पुष्कळ वर.

डॉक्टरांनी विचारलं, बाई, तुम्ही काय जेवता? ती हसली. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. जे असलं ते, म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा निघालं, की पहाटे चारला उठायचं, सगळ्यांची ताटं झाल्यावर दुपारी तीनला बसायचं, तोवर भाजी संपलेली. मग भाकरीसोबत खारातली मिरची, लोणच्याचा खार, नाहीतर नुसतं तेल-मीठ. माझी अळणी भाजी वेगळी शिजवायला लागल्यापासून तर तिच्या वाट्याला भाजी पडतच नव्हती. घरातल्यांची एक आणि माझी एक अशा दोन भाज्या झाल्यावर तिसरं पातेलं कशाला, असा तिचा हिशेब. म्हणजे महिनाभर मी माझ्या ताटातून जे मीठ काढलं असं मिरवत होतो, ते ती रोज दुपारी तीनला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून खात होती. आणि डोकं? ते दोन-तीन वर्षांपासून दुखतं, म्हणाली. नानाजी, ती कपाळाला पदर आवळून बसली की मी समजायचो, बाईसाहेब रागावल्या. मी लूना काढून पानठेल्यावर जायचो. रागावली नव्हती हो ती.

डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, गोळी घ्या, झोप घ्या, आणि मनात काही असेल तर बोलून टाका. ‘‘मनात काई नाई,’’ ती म्हणाली. बाहेर आलो. स्टँडवर सेलूची गाडी लागायला वेळ होता, म्हणून मी तिला बाकावर बसवून पाणी आणायला गेलो. परत येतो तर ही बाकावर नाही. शोधलं, तर आर्वीच्या गाडीच्या दाराशी उभी, आणि कंडक्टरला विचारत होती, ही गाडी आमच्या गावच्या (म्हणजे आपल्या) फाट्यावर थांबते का? तो म्हणाला, थांबते, बसा. ती म्हणाली, नाही, जायचं नाही, नुसतं विचारलं. आणि गाडी सुटेपर्यंत तिथंच उभी राहिली. मी पाण्याचा लोटा घेऊन खांबामागे थांबलो.

तेव्हापासून घरात नवा कायदा आहे. मी आणि ती एकाच वेळी जेवतो, एकाच पातेल्यातलं, दोघांचंही अळणी. पहिल्या दिवशी माझ्यासमोर ताट घेऊन बसायची तिला इतकी लाज वाटली की ती भिंतीकडे तोंड करून जेवली. संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. ती दहा पावलं मागून चालते. मी थांबलो की तीही थांबते, मी मागं गेलो की तीही मागं जाते. सेलूच्या लोकांना वाटतं, मी बायकोला साखळीवाला करून रस्ता मोजतो आहे. तंबाखू निम्म्यावर आणली आहे. (निम्म्याहून थोडी वर.) ओरडणं बंद आहे, रेडिओ अन्नपूर्णेच्या खोलीत ठेवला. फक्त तिची झोप काही जमत नाही. दुपारी आडवी केली, तर डोळे मिटून भांडी मोजते.

बाकी आपण सुज्ञ आहात. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून माझा हात फिरवावा, आणि बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावत राहावं.

आपला,
रूपराव

ता. क. – ज्यासाठी कागद फाडले ते लिहायचं राहिलंच. सहा वर्षांपूर्वी आपण विश्वासानं मला घरगुती मोजणीला बोलावलंत, आणि मी आपला धुरा शेजारच्या किसनरावांच्या शेतात दीड हात सरकलेला काढला. ती मोजणी बरोबर होती, ती मी आजही बदलणार नाही. पण साऱ्या गावासमोर मी हसून म्हटलं, की नानाजींच्या बैलांना दुसऱ्याचा चारा गोड लागतो. आपण उठून घरात गेलात. दीड हात जमीन मोजता आली मला, पण मोठ्या माणसाला किती लागेल ते मोजता आलं नाही. चूक माझी, आणि शिक्षा ती भोगते आहे, सहा वर्षं तिनं माहेरचा उंबरा पाहिला नाही. आपण स्वतः या आणि तिला पंधरा दिवस माहेरी न्या. मी दारात उभा राहीन, किंवा आपण म्हणाल तर त्या दिवशी दौऱ्यावर जाईन.

दुसरा ता. क. – हे पत्र मी तिला न सांगता लिहिलं आहे. कृपा करून बोलू नये.

(पाकिटाच्या मागच्या बाजूला, शाईच्या पेन्सिलीनं :)

दादा, पाकीट टपालात टाकाले मायाच हाती देलं ह्यायनं. डिंक वला होता, म्हनून उघडून वाचलं. ह्यायले वाटते तू रागावला. तू तीनदा माहेरी ये म्हनून निरोप धाडला, हे म्या ह्यायले सांगितलंच नाई. निरोपात मायं एकटीचं नाव होतं, म्हनून मीच आली नाई. आता ये, पन दोघाले घेऊन जाजो. ह्यायले दौऱ्यावर धाडू नोको. एकटी आली तं मले तिकडंबी झोप येनार नाई. – मनकर्णा