चांदीची काच कोणती

११ एप्रिल १९९६, देवपूर
दिल्लीहून परत. साबणाच्या डबीत, कापसात गुंडाळलेल्या दोन काचा. एकीत चांदी मुरवलेली, दुसरी साधी. दोन्हींवर तिथे आयनांचा मारा झाला, दोन्ही पिवळ्या. फक्त काच धरणाऱ्या क्लिपखाली झाकलेली कड कोरी. माझं म्हणणं, पहिलीत माऱ्यानेच चांदीचे अतिसूक्ष्म कण जमलेत. गाइड सर जळगावहून फोनवर: “अहो मॅडम, साधी काचही पिवळी पडलीच की! आणि चांदी नुसत्या उष्णतेनेही जमते.” साध्या काचेचा रंग मंद आचेने उडतो, चांदीचा नाही. दाखवतेच.

१३ एप्रिल
सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, काचा घासल्या. राखेने! खुणेची शाई गेली. “काच मयली व्हती, बठ्ठी शाई काढी टाकी,” अक्का खुशीत. ओट्याशी उभी राहून रडले. आता चांदीची कोणती? जिचा रंग टिकेल ती म्हणावं, तर जे सिद्ध करायचं तेच धरून चालल्यासारखं. हे म्हणतात, छापा-काटा कर. राग आला, हसूही.

१४, आंघोळ करताना सुचलं
कोरी कड! तिथे मारा नाही, पण चांदी आहेच. दोन्ही काचांच्या त्या कडेचा कोपरा तोडायचा, भट्टीत सणसणीत तापवायचा. पिवळा पडेल तो...

१६
कॉलेजची भट्टी. एक कोपरा कोराच, दुसरा हळदीसारखा. सापडली! मग उरलेल्या काचा मंद आचेवर. साधीचा रंग उडाला, हिचा जसाच्या तसा. शिवाय हाच कोपरा दिल्लीत माऱ्याला लागून होता, तरी कोरा राहिला. म्हणजे तिथली उष्णता पुरत नव्हती. बोला आता, सर! अक्कांना म्हटलं, तुमच्यामुळे झालं हे.
“मंग आखो धुवू का?” पुन्हा राख घ्यायला तयारच!

१९, एस्टीत, जळगावहून येताना
सरांनी काच खिडकीशी धरली. “क्लिप धातूची ना? कडेची उष्णता तिने ओढून घेतली असेल.”
पारोळ्यापर्यंत चडफडले. बरोबर आहे मेलं. मग सुचलं: पुन्हा दिल्लीला जायचं, कड झाकायची पण झाकण काचेला टेकू द्यायचं नाही, म्हणजे उष्णता ओढली जाणार नाही. रात्री, घरी: सरांना फोन केला. सर म्हणाले, “करा अर्ज. दिल्लीत आयनांचा बीम मिळाला तर बघू.”

२०
अर्ज टाकला. अक्का: “भांडासवर नाव कोरतस ना, तसं काचवर कोरी ले.”
कोरणारच. बीम मिळाला तर, असं सर म्हणाले. मी इथे ‘तर’ नाही, ‘मिळाल्यावर’ लिहिते.